वाघ, शेळी आणि उमेदवार

नोकरी मिळविण्याकरिता माणसाला काय काय यावे लागते, याविषयी आमच्या तरुणपणी फारसा मतभेद नव्हता. अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिता यावा, दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी दिलेले सद्वर्तनाचे दाखले त्याला जोडलेले असावेत, त्या दोहोंपैकी एक गृहस्थ साहेबांच्या दूरच्या नात्यातले निघाल्यास सोन्याहून पिवळे, आणि एवढी सामग्री जमली म्हणजे उमेदवाराने धुतलेला सदरा घालून मुलाखतीस जावे, "गाव कोणते?" आणि "वडील काय करतात?" या दोन प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत आणि यथावकाश रुजू व्हावे, असा शिरस्ता होता. ज्या सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो, तेथील साहेब अंमळ चौकस असल्यामुळे त्यांनी मला तिसराही प्रश्न विचारला. "टेबलावर दौत सांडली तर काय कराल?" मी म्हणालो, "आधी फाइल उचलीन." साहेबांनी मान डोलावली, आणि माझ्या बुद्धिमत्तेची जी काही तपासणी सरकारदरबारी व्हावयाची होती ती तेथेच संपली, पुढील सारी नोकरीभर तिची पुन्हा कोणाला आठवण झाली नाही.

अशा निर्धास्त समजुतीत उभी हयात घालविलेल्या इसमाच्या मलकापुरातील घरी, अभियांत्रिकीची पदवी नुकतीच पदरात पाडून घेतलेला भाचा, सकाळचा चहा बशीत ओतता ओतता जेव्हा "मामा, गटाराचं झाकण गोल का असतं?" असे विचारतो, तेव्हा त्या इसमाच्या मनात प्रथम मुलाच्या प्रकृतीविषयी शंका यावी हे स्वाभाविक आहे. मी सौभाग्यवतीकडे पाहिले. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. पुण्याच्या एका संगणक कंपनीने त्याला मुलाखतीस बोलाविले होते, आणि तेथे गणकयंत्राविषयी कमी व गटाराविषयी अधिक विचारतात अशी त्याच्या मित्रमंडळींकडून खात्रीलायक वार्ता आली होती. चौकोनी झाकण तिरपे धरले असता कर्णाच्या अंगाने भोकातून खाली पडू शकते, गोल झाकण कसेही धरले तरी पडत नाही, हे त्या प्रश्नाचे मान्यताप्राप्त उत्तर. शेजारी राहणारे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ — त्यांना आमच्या आळीत सगळे गार्डसाहेब म्हणतात — ते दाराशी वर्तमानपत्र मागावयास आले होते. त्यांनी सर्व मजकूर शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "आत पडत नाही हे मान्य. पण रात्री उचलून भंगारवाल्याकडे जातं, त्याला आळा बसेल असा कोणता आकार तुमच्या कंपनीनं काढलाय?"

त्या दिवसापासून आमच्या घराचे स्वास्थ्य संपले. भाच्याने अशा प्रश्नांची एक जाडजूड वही केली होती, आणि परीक्षेच्या काळात गृहपाठाची वही ज्याप्रमाणे घरातील एकच व्यक्ती वाचते तसा प्रकार येथे नव्हता. येथे जो कोणी उंबऱ्याच्या आत येई त्याला एक प्रश्न घातला जाई. पोस्टमन, दूधवाला, विजेचे मीटर वाचणारा, सत्यनारायण सांगावयास आलेले गुरुजी, कोणाचीही त्यातून सुटका नव्हती. गुरुजींनी तर दक्षिणा न घेताच काढता पाय घेतला, हे मी प्रथमच पाहिले.

या वहीतील एका प्रश्नाने मात्र माझा घात केला. दोन दोऱ्या आहेत. प्रत्येक दोरी पेटविली असता बरोबर एका तासाने जळून संपते, परंतु ती सर्वत्र सारख्या वेगाने जळत नाही. अर्धी दोरी जळावयास दहा मिनिटेही लागतील किंवा पन्नासही. घड्याळ न वापरता पंचेचाळीस मिनिटे मोजा. भाचा म्हणाला, "मामा, पहिली दोरी दोन्ही टोकांनी पेटवायची आणि त्याच वेळी दुसरी एका टोकानं. पहिली अर्ध्या तासात संपेल. ती संपली की दुसरीचं दुसरं टोक पेटवायचं. उरलेली पंधरा मिनिटांत संपते. झाली पंचेचाळीस." उत्तर मला पटले, किंबहुना इतके पटले की मला त्याचा संशय येऊ लागला. प्रत्यक्ष पाहणी केल्यावाचून कोणत्याही मजकुराखाली सही करू नये हे आमच्या खात्याचे बाळकडू. सौभाग्यवती धुणे घेऊन मोरीत गेली आहे अशी वेळ साधून मी मागील अंगणात आलो. घरात दोरी म्हणावी अशी वस्तू एकच होती आणि तिच्यावर आमच्या कुटुंबाचे सर्व कपडे वाळत असत. तिचे दोन समान भाग करून ते मी आंब्याच्या फांदीला लोंबते बांधले आणि काड्यापेटी काढली.

पहिल्या अर्धुकाचे खालचे टोक पेटले, वरचे पेटेना. वरचे पेटले तोवर खालचे विझले. सुती दोरी पेटत नसून धुमसते, हे ज्ञान कोडे रचणाऱ्याला नसावे. दुसऱ्या अर्धुकात तर मध्येच कधीतरी तुटल्यामुळे आम्हीच गाठ मारून जोडलेला नायलॉनचा तुकडा होता. तेथे ज्वाला पोहोचताच तो वितळून थेंब थेंब गळू लागला, आणि त्यातील एक थेंब कुंपणावर वाळत टाकलेल्या गार्डसाहेबांच्या पंच्यावर पडून त्याला एक वर्तुळाकार भोक पडले. (गोलच, त्यातून झाकण आत पडले नसते.) धूर एवढा झाला की पलीकडच्या बिऱ्हाडातून "डासांसाठी काय जाळता हो?" अशी पृच्छा झाली. मी एका डोळ्याने दोरीकडे आणि दुसऱ्याने मनगटावरील घड्याळाकडे पाहत उभा असता, पिळलेल्या कपड्यांची बादली कमरेवर घेतलेली सौभाग्यवती अंगणात आली. तिने आधी आंब्याकडे पाहिले, मग ज्या खुंट्यांमध्ये काही नव्हते त्या खुंट्यांकडे पाहिले, मग माझ्या मनगटाकडे.

"हातातलं घड्याळ चालतं ना?"

"चालतं."

"मग पंचेचाळीस मिनिटं मोजायला माझी दोरी कशाला जाळली?"

हा प्रश्न भाच्याच्या वहीत नव्हता. तूर्त आमचे कपडे गार्डसाहेबांच्या दोरीवर वाळतात आणि गार्डसाहेब आमचा पंचा वापरतात.

वास्तविक या सर्व कोड्यांचा फैसला करण्याचे काम सौभाग्यवतीकडे सोपविले असते तर ती वही चार पानांत आटोपली असती. रात्रीच्या अंधारात चार माणसांना एक मोडकळीस आलेला पूल ओलांडावयाचा आहे, कंदील एकच आहे, एका वेळी दोघेच जाऊ शकतात, आणि त्या चौघांना अनुक्रमे एक, दोन, पाच व दहा मिनिटे लागतात. तर सर्वजण कमीत कमी किती वेळात पार होतील? यावर विद्वानांचे उत्तर सतरा मिनिटे असे आहे, आणि पाच मिनिटेवाला व दहा मिनिटेवाला यांना एकत्र धाडण्यातच त्यातील सारी गोम आहे. सौभाग्यवतीने भाजी निवडता निवडता विचारले, "ज्यांना दहा मिनिटं लागतात ते वयस्क असणार ना रे? मग त्यांना रात्रीचं मोडक्या पुलावर घालताच कशाला? उजाडू द्या." भाचा म्हणाला, "मामी, उजाडेपर्यंत थांबता येत नाही." "का? गाडी चुकते का?" याचे उत्तर कोड्यात दिलेले नव्हते.

वाघ, शेळी आणि गवताची पेंढी घेऊन नदी ओलांडणाऱ्या माणसाचे कोडे तर आपल्याकडे आजीच्या मांडीवरच भेटते. युरोपात ते आल्क्विन नावाच्या, शार्लमेन बादशहाच्या पदरी असलेल्या पंडिताच्या नावावर चालणाऱ्या लॅटिन संग्रहात लांडगा, शेळी आणि कोबी अशा वेषात आढळते; म्हणजे ही शेळी निदान हजार-बाराशे वर्षे त्या नावेतून येरझारा घालीत आहे आणि अद्याप कोणाला तिची दया आलेली नाही. आमचे थोडेसे कोरडवाहू शेत मक्त्याने करणारे एक गृहस्थ हिशेबाकरिता आले असता भाच्याने त्यांना नळगंगेच्या काठी उभे केले, म्हणजे अर्थात कल्पनेने, आणि प्रश्न घातला. ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले.

"वाघ घेऊन बजारात कोन जाते, बाप्पा?"

"समजा गेले."

"शेळी कोनाची?"

"तुमची."

"अन् वाघ?"

"तोही तुमचाच."

"माह्या घरी वाघ असता तं मी शेळ्या कायले पाळल्या असत्या?" आणि थोडा विचार करून पुढे म्हणाले, "अन् वर धरन झाल्यापासून उन्हाळ्यात नळगंगेले पानी कुठं राह्यते? नाव कायले पाह्यजे? पायीच जाते ना मानूस."

यातील वाघाचा भाग अगदीच काल्पनिक आहे असेही म्हणता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात वनखात्याचा पट्टा मिरवीत, शेते, रस्ते आणि ओढे-नद्या ओलांडीत, सुमारे 1,300 किलोमीटरांची पायपीट करून 2019 च्या अखेरीस आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन दाखल झाला. वाटेत किती नद्या लागल्या असतील ते त्यालाच ठाऊक. परंतु एकाही काठावर तो नावाड्याची वाट पाहत थांबल्याचे ऐकिवात नाही. वाघाला नदी ओलांडता येत नाही या गृहीतावर आल्क्विनपासून आमच्या आजीपर्यंत सर्वांनी केवढा डोलारा उभारला होता!

तथापि मलकापूर हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे गाव. हा मार्ग 1867 साली नागपुरास पोहोचला तेव्हापासून गाड्यांविषयीचे कोडे येथे घालताना दहा वेळा विचार करावा. भाच्याने तो केला नाही. दोन गाड्या एकाच रुळावरून समोरासमोर येत आहेत, त्यांच्यामध्ये शंभर मैलांचे अंतर आहे, प्रत्येकीचा वेग ताशी पन्नास मैल, आणि एक माशी ताशी पंचाहत्तर मैलांच्या वेगाने एका इंजिनापासून दुसऱ्या इंजिनापर्यंत सारखी ये-जा करीत आहे; टक्कर होईपर्यंत माशी किती उडेल? गाड्या एका तासाने भिडणार, म्हणून माशी पंचाहत्तर मैल उडेल, एवढे सोपे ते आहे. पण जो माशीची एकेक फेरी मोजू लागतो तो अनंत श्रेढीत बुडतो. फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने याचे उत्तर क्षणार्धात दिले, तेव्हा विचारणारा म्हणाला, "तुम्हांला युक्ती ठाऊक होती वाटते!" आणि तो म्हणाला, "कसली युक्ती? मी श्रेढीच मोजली," अशी आख्यायिका सांगतात. गार्डसाहेबांनी मात्र माशीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"एकाच लाइनीवर समोरासमोर?"

"हो."

"लाइन क्लिअर कोणी दिला?"

"काका, प्रश्न माशीचा आहे."

"माशी राहू दे बाजूला! दोन्हीकडचे स्टेशन मास्तर निलंबित झाले का? दोन्ही गार्डांचे जबाब घेतले का? चौकशी तिथून सुरू होते. माशी साक्षीला चालत नाही." आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही असे त्यांच्या चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

बाजार समितीच्या आवारात अडतीचे दुकान असलेल्या शेठजींकडे मी भाच्याला मुद्दाम पाठविले, कारण तेथील कोडे तराजूचे होते आणि तराजूच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. दिसण्यात सारखे असे आठ गोळे आहेत, त्यांतील एक किंचित जड. तराजू फक्त दोनदा वापरून तो हुडकावयाचा. तीन-तीन गोळे दोन पारड्यांत घालावे. पारडी समतोल राहिली तर जड गोळा उरलेल्या दोहोंत, न राहिली तर खाली गेलेल्या तिघांत. मग त्यांतून दुसऱ्या वजनात तो निघतो. शेठजींनी चष्मा कपाळावर सरकविला. "तोलण्याआधी काट्याचा धडा कोणी केला?" भाच्याला धडा म्हणजे पाठ्यपुस्तकातला एवढेच ठाऊक. शेठजींनी त्याला, रिकाम्या पारड्यांतील फरक काढून काटा समतोल करणे म्हणजे धडा, हे इतक्या विस्ताराने समजावून सांगितले की तेवढ्या वेळात दारात तुरीच्या दोन गाड्या उलगडून निघून गेल्या. "आणि दोनदाच का?" त्यांनी शेवटी विचारले. "काटा भाड्यानं आणला होता काय?"

हे सर्व पाहता वाचकांचा असा समज होण्याचा संभव आहे, की कोड्यांनी माणसाची परीक्षा घेण्याचे हे खूळ आपल्याकडे परदेशातून आले. तसे मुळीच नाही. या विषयात आपली परंपरा फार जुनी असून तिचे निकालही तितकेच वादग्रस्त आहेत. सरोवराच्या काठी यक्षाने पांडवांची जी मुलाखत घेतली तिच्यात चार उमेदवार तत्काळ गतप्राण झाले आणि पाचवा निवडला गेला. परंतु प्रश्न विचारणारा हा त्या पाचव्याचा साक्षात पिता यमधर्मच होता, हे शेवटी उघडकीस आले, आणि आजच्या काळात असा प्रकार घडता तर उरलेल्या चौघांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केले असते. वेताळाचा खाक्या याहून कडक. उत्तर ठाऊक असून न बोलल्यास डोक्याची शकले, आणि बोलल्यास वेताळ पुन्हा झाडावर. अर्थात उमेदवाराने काहीही केले तरी नेमणूक लांबणीवर. बादशहाने बिरबलास नगरात कावळे किती म्हणून विचारले आणि बिरबलाने बेलाशक एक आकडा ठोकून दिला. मोजणीत जास्त भरले तर पाहुणे आले असतील, कमी भरले तर आपले बाहेरगावी गेले असतील, हा खुलासाही सोबत जोडला. शिकागो शहरात पियानो जुळविणारे किती, हा जो प्रश्न पाश्चात्त्यांच्या मुलाखतींत थोर समजला जातो, तो या कावळ्यांचाच नातू होय.

गणिताचे म्हणाल तर आमच्या पश्चिमेला, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनाकरिता त्यांचा नातू चांगदेव याने 1207 साली मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांची 1150 ची लीलावती म्हणजे कोड्यांचे भांडारच. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला, त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? (बारा हातांवर.) पण या आचार्यांचा एक गुण असा, की वेळूचे उत्तर देणाऱ्याला त्यांनी नोकरीचे आमिष दाखविले नाही. वेळू मोडला, गणित सुटले, मुलगा घरी गेला.

नोकरीशी या प्रकाराची सांगड घालण्याचे श्रेय माझ्या मते एडिसनकडे जाते. विजेचे दिवे घरोघरी पोहोचविणाऱ्या या गृहस्थाने 1921 साली आपल्याकडे येणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची यादी केली. ती वर्तमानपत्रांत फुटली, आणि देशभर हलकल्लोळ उडाला. त्यात सर्वांत उत्तम कापूस कोणता, असाही एक प्रश्न होता. येथे खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या हाकीत वाढलेला वऱ्हाडी मुलगा त्या मुलाखतीस गेला असता, तर स्वाभिमानापायी त्याने काय उत्तर दिले असते आणि त्याची वाट कशी लागली असती, हे सांगावयास नको. एडिसनला वऱ्हाडचा कापूस अभिप्रेत नसावा. त्याच वर्षी बोस्टनमध्ये आइन्स्टाइनला त्या यादीतील ध्वनीच्या वेगाचा प्रश्न घालण्यात आला, आणि पुस्तकात सहज सापडणारी गोष्ट आपण डोक्यात बाळगीत नाही असे सांगून तो मोकळा झाला. एडिसनच्या कचेरीत त्याला बहुधा शिपायाचीही जागा मिळाली नसती.

पुढे मायक्रोसॉफ्टने ही प्रथा एवढी वाढविली की 2003 साली विल्यम पाउंडस्टोन यांनी तिच्यावर, फूजी पर्वत कसा हलवाल या प्रश्नाच्या नावाने, सबंध पुस्तक लिहिले. 2004 मध्ये गूगलने तर कॅलिफोर्नियाच्या हमरस्त्यावर भलाथोरला फलक लावून, ई या संख्येच्या दशांशात पहिली दहा अंकी मूळसंख्या कोणती, असे जाणाऱ्या-येणाऱ्यांस विचारले. मोटार हाकता हाकता किती जण त्या विचारात खड्ड्यात गेले याची नोंद मिळत नाही. आणि सर्वांत विनोदाचा भाग असा, की त्याच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी 2013 साली जाहीर कबुली दिली, की ही कोडी म्हणजे निव्वळ कालापव्यय. त्यांवरून उमेदवाराविषयी काही कळत नाही, विचारणाऱ्याला तेवढे आपण हुशार असल्याचे समाधान मिळते. मी हा मजकूर भाच्याला वाचून दाखविला. तो म्हणाला, "मामा, पुण्याला अजून कळलं नसेल." मला त्याचे म्हणणे ग्राह्य वाटले. आमच्या कचेरीत मुंबईचे परिपत्रक यावयास जो काळ लागे तो लक्षात घेता कॅलिफोर्नियाचा हुकूम एवढ्यात लागू होईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरले असते.

देवळालीच्या शाळेतले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मास्तर या संदर्भात मला वारंवार आठवतात. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंकांची उतरती मांडणी करून तिच्यातून चढती वजा करा, आणि हेच करीत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येऊन उभे राहते. हे त्यांनी शोधले, आणि एका प्रकारच्या संख्यांना तर आमच्याच या जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्थानकाच्या नावावरून डेम्लो संख्या असे नाव दिले, कारण ती कल्पना त्यांना तेथे सुचली. असा मनुष्य मुलाखतीस बसला असता तर प्रश्न विचारणाऱ्यांचीच तारांबळ उडून मंडळ बरखास्त करावे लागले असते.

असो. मुलाखतीचा दिवस जवळ आला तसा एक नवाच पेच उभा राहिला. वहीतली सर्व उत्तरे भाच्याला मुखोद्गत झाली होती, आणि प्रश्न अर्धा विचारला जाताच तो उत्तर फेकू लागला. त्याच्या एका मित्राने फोनवरून धोक्याची सूचना दिली, की असे केल्यास कोडे आधीच ठाऊक होते हे उघडे पडते; तेव्हा उत्तर येत असले तरी विचार करीत असल्याचे दाखवावे लागते. हे ऐकताच मी खुर्ची पुढे ओढली. या एका विषयात मला मार्गदर्शनाचा अधिकार होता. कोणत्याही प्रकरणावर काहीही विचार न करता तो चालू आहे असे दाखविण्यात माझी उभी नोकरी गेली. ‘विचाराधीन’ हा शेरा तर मी डोळे मिटूनही लिहू शकतो. मी त्याला शिकविले: प्रथम प्रश्न सावकाश पुन्हा उच्चारावा, नंतर छताकडे पाहावे, पण पंख्याकडे नव्हे, पंखा पाहणारा उकडत असल्यासारखा दिसतो, कपाळाला दोन आठ्या, तीन झाल्या म्हणजे पोट दुखते असे वाटते, कागदावर काहीतरी खरडावे आणि खोडावे, आणि मध्येच "नाही, असं नाही," असे स्वतःशी पुटपुटावे. भाचा तालमीत एवढा रंगला की एकदा सौभाग्यवतीने "आणखी पोळी वाढू का?" म्हणून विचारले असता त्याने प्रश्न पुन्हा उच्चारला आणि छताकडे पाहू लागला.

मुलाखत घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर व्हावयाची होती. माजघरात टेबल मांडले, भिंतीवरची दिनदर्शिका काढली, कुकर लावण्यास मनाई केली. दाराआड मी, सौभाग्यवती, गार्डसाहेब आणि हिशेबाचे निमित्त करून आलेले शेठजी श्वास रोधून उभे. पडद्यावर दोन साहेब प्रकट झाले आणि त्यांतील एकाने पहिलाच प्रश्न टाकला तो आमच्या काळचा.

"गाव कोणतं?"

"मलकापूर, सर."

"अरे वा! म्हणजे आमच्या कराडजवळचं!"

हे कोडे वहीत नव्हते. महाराष्ट्रात मलकापूर एक नाही: कराडला खेटून एक आहे, कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडे एक आहे, आमच्या अकोल्यालाच लागून आणखी एक आहे. ‘हो’ म्हटले तर साहेब गाववाला होणार. ‘नाही’ म्हटले तर जुळत आलेले नाते तुटणार. भाच्याने छताकडे पाहिले, कपाळाला दोन आठ्या घातल्या, कागदावर काहीतरी खरडून खोडले, आणि "नाही, असं नाही," असे स्वतःशी पुटपुटला. आपले गाव कोणते यावर एवढा खोल विचार करणारा उमेदवार साहेबांनी प्रथमच पाहिला असावा. त्याच क्षणी स्थानकावरून मालगाडीने प्रदीर्घ शिटी दिली, आणि गार्डसाहेब सवयीने दाराआडून मोठ्याने म्हणाले, "डाउनची आहे!"

"रेल्वे स्टेशन आहे का तिथे?" साहेबांनी विचारले.

"हो सर. बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर. भुसावळपासून साधारण पन्नास किलोमीटर."

"छान. मग सांगा, तुमच्या स्टेशनवर रोज चहाचे किती कप विकले जात असतील?"

"सर, पाच मिनिटं द्या. चहावाला ओळखीचा आहे, विचारून सांगतो."

दोन्ही साहेब हसले. विचारावयाचे नसते, अंदाज करावयाचा असतो, असे त्यांनी समजावले. मग भाच्याने गाड्या धरल्या, डबे धरले, डब्यातील माणसे, त्यांतील जागी माणसे, जाग्यांतील चहा पिणारी आणि पिणाऱ्यांतील सुट्टे पैसे बाळगणारी, असे सर्व यथासांग गुणून एक आकडा काढला. साहेब अत्यंत प्रसन्न झाले. आठवडाभराने नेमणुकीचे पत्र आले. तो आकडा मी नंतर स्थानकावरील चहावाल्याच्या कानावर घातला, तेव्हा तो इतका हसला की भांड्यातला चहा उतू गेला. "एवढा चहा खपला असता," तो म्हणाला, "तर भाऊ, मी पुण्याची ती कंपनीच विकत घेतली नसती का?"

भाचा आता पुण्यात आहे. सकाळी हजेरी लावतो, दिवसभर दुसऱ्यांनी भरलेले तक्ते बरोबर आहेत की नाहीत ते पाहतो, चुकल्यास शेरा मारून परत पाठवतो. दोरी, कंदील, शेळी यांपैकी काहीही त्याच्या टेबलावर अद्याप आलेले नाही. मी फोनवर विचारले, "दौत सांडते का कधी?" तो म्हणाला, "कॉफी सांडते." "मग?" "आधी लॅपटॉप उचलतो."

पुढचे प्रकरण शेठजींचे. दाराआडून ती मुलाखत ऐकल्यापासून नोकर असाच पारखून घ्यावा हे त्यांच्या मनाने घेतले. दुकानी एक हमाल ठेवावयाचा होता. त्यांनी तुरीचे आठ कट्टे ओळीने मांडले, एकात गुपचूप मूठ-दोन मुठी अधिक घातल्या, आणि आलेल्या गड्याला म्हणाले, "काटा दोनदाच वापरायचा. जड कट्टा कोणता ते सांग."

गड्याने काट्याकडे पाहिलेही नाही. तो एकेक कट्टा कोपरापर्यंत उचलून खाली ठेवीत गेला आणि सहाव्याशी थांबला. "हा."

शेठजींनी खात्रीसाठी सहावा आणि सातवा काट्यावर चढविले. काटा म्हणाला, सारखे आहेत.

"पाहा," शेठजी म्हणाले.

"मालक," गडी खांद्यावरचा दुपट्टा झटकीत म्हणाला, "हा जड हाये म्हंजे हाये. काटा कोनाकून घेतला?"

शेठजी बराच वेळ सहाव्या कट्ट्याकडे पाहत राहिले, कारण अधिकच्या मुठी त्यांनी स्वतःच्या हाताने त्यातच घातल्या होत्या. मग त्यांनी गड्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर यावयास सांगितले, आणि काटा दुरुस्तीला पाठविला.